पुरुष-वंध्यत्व : रक्त व ऊतक काय सांगतात?

अपत्यहीन दांपत्य आमच्याकडे येते तेव्हा पुष्कळदा पत्नीच्या तपासण्यांची जाड फाईल बरोबर असते. पतीची साधी वीर्यतपासणीही झालेली नसते. वस्तुतः अशा जवळजवळ निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्णतः वा अंशतः वाटा असतो. म्हणून देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्या माहितीसाठी हा विषय थोडक्यात मांडीत आहोत.

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. तेव्हा एकाच अहवालावर विसंबून न राहता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली जाते. दोन्ही वेळा शुक्रजंतू मुळीच न आढळल्यास प्रश्न उरतो : मार्गात अडथळा आहे, की निर्मितीच खुंटली आहे?

याचा पहिला सुगावा रक्तातून लागतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफ.एस.एच. हे संप्रेरक पाठवून वृषणास कामाला लावते. वृषणातील सर्टोली पेशी इनहिबिन-बी स्रवून त्यास आवर घालतात. जमाखर्चाच्या दोन बाजूंप्रमाणे ही दोन्ही संप्रेरके एकत्र वाचावी लागतात. एफ.एस.एच. वाढलेले व इनहिबिन-बी घटलेले असल्यास निर्मितीतील बिघाड संभवतो. मात्र शुक्रजंतूंची वाढ अर्ध्यावरच थांबली असल्यास एफ.एस.एच. स्वाभाविकही आढळते. उलट एफ.एस.एच. व टेस्टोस्टेरॉन दोन्ही अत्यल्प असल्यास दोष पीयूषिकेकडील असू शकतो व तो बहुधा इंजेक्शनांनी उपचारसाध्य असतो.

वृषणाच्या ऊतकाची परीक्षा अधिक नेमके सांगते. जॉन्सेन यांच्या १९७० सालच्या पद्धतीत १ ते १० गुण दिले जातात : १० म्हणजे पूर्ण निर्मिती, २ म्हणजे केवळ सर्टोली पेशी. तथापि वृषणात सर्वत्र सारखी स्थिती नसते. एका तुकड्यात न आढळलेले शुक्रजंतू अन्यत्र सापडू शकतात. सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेने पुष्कळ रुग्णांत ते मिळतात. १९९२ पासून ज्ञात असलेल्या इक्सी पद्धतीत प्रत्येक स्त्रीबीजास एक शुक्रजंतू पुरतो. शस्त्रक्रियेपूर्वी गुणसूत्रांची व वाय गुणसूत्राची चाचणी अवश्य करावी. वाय गुणसूत्राचे काही विशिष्ट भाग गळालेले असल्यास शस्त्रक्रिया निष्फळ ठरते व तो खर्च टाळता येतो.

एक सूचना : शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती थांबवू शकतात. अशी औषधे घेत असल्यास डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

सर्व कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच, की तपासणी पहिल्या दिवसापासून दोघांचीही व्हावी. सुनेस बोल लावण्यात गेलेली वर्षे कोणतेही रुग्णालय परत देऊ शकत नाही.