गेटची वेळ आणि घराची वेळ

मोहर्लीतल्या आईबाबांनो, १ ऑक्टोबर जवळ आला की गावात हुरूप येतो. १ जुलैपासून बंद असलेलं ताडोबाचं कोअर पुन्हा उघडणार असतं. जिप्सीची डागडुजी होते, गाइडचा गणवेश पेटीतून बाहेर निघतो, रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्या बायांना निरोप येतात. पावसाळ्यात बफरच्या थोड्या फेऱ्या आणि रोवणीची मजुरी यांवर कसंबसं निभावलेलं असतं. आता रोजची कमाई, रोजची वेळ, ओळखीचं काम. मोठ्या माणसाला याचा केवढा आधार वाटतो, ते तुम्हाला सांगायला नको.

पण तोच दिवस लेकराकडून बघा. तीन महिने बाबा सकाळी घरी दिसत होते. दप्तर कुठे आहे ते विचारत होते, पावसाचा जोर असला तर शाळेपर्यंत सोडत होते. एका पहाटे ते अंधारातच निघून जातात. आपली घडी बसते त्याच दिवशी त्याची मोडते. मग शाळेच्या वेळेला पोट दुखतं, झोपेत अंथरूण ओलं होतं, आईचा पदर सुटत नाही. आपण म्हणतो, लाडावलं आहे. ते लाडावलेलं नसतं. काल होतं ते आज का नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आपल्या गावाचं वर्ष मुळातच मुलांच्या वर्षाच्या उलट फिरतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि लगेच कोअर बंद होतं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत शहरातली कुटुंबं मुलांना घेऊन वाघ बघायला येतात, म्हणून नेमकं तेव्हाच आपल्या मुलांचे आईबाबा घरी नसतात. उन्हाळ्यात त्यात पहाटेची मोहफुलं आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता. मुलांना सुट्टी रविवारी, आणि सफारी बंद असते मंगळवारी. सगळं घर एकत्र मोकळं आहे असा दिवस हंगामात सापडणं कठीण. यात तुमचा काही दोष नाही, पोट त्यावर चालतं. पण हे असं आहे हे ओळखून मुलांसाठी काहीतरी राखून ठेवावं लागेल.

कोरोनाच्या वेळचं आठवा. मार्च २०२० मध्ये सफारी आणि शाळा दोन्ही एकाच महिन्यात थांबल्या. कोअर १ ऑक्टोबर २०२० ला उघडलं. पहिली ते चौथीचे वर्ग खेड्यांत भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. मध्ये दुसऱ्या लाटेत सफारी पुन्हा थांबली हे खरं, तरी आपल्या कामाचा धागा आपल्या हाती चौदा महिने आधी आला. मुलांनी तोवर घंटा, परिपाठ, रांगेतलं जेवण, शेजारी बसणारा मित्र, यांतलं काहीच पाहिलं नव्हतं. शाळा उघडल्यावर आपण अभ्यास किती बुडाला ते मोजत बसलो. मुलांना मात्र आधी ती घंटा हवी होती. तीच बाई, तीच जागा, तीच वेळ परत मिळाली की मूल हळूहळू स्थिरावतं, आणि मगच त्याचं वाचन-गणित सुरू होतं. माझं मत विचाराल तर घाई करून काही मिळत नाही.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं कुरणात, तर शाळाही कुरणात. मुलाचा दिवस न मोडता त्याला शिकणं जोडायचं, ही त्यातली समज मला फार मोलाची वाटते. आपल्यालाही गेट हलवता येत नाही, पण गेटच्या वेळेभोवती घराची वेळ बांधता येते.

म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच मुलाला सांगा: परवापासून बाबा पहाटे जातील, दुपारच्या सफारीनंतर अंधार पडता पडता येतील, आणि जेवायला आपण सोबत बसू. मग ते जेवण खरंच पाळा. फोन बाजूला. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल, पण जेवण चुकवू नका. आई रिसॉर्टवर जात असेल तर झोपवण्याचं काम आजीचं, आणि ते रोज आजीचंच. आज आजी, उद्या काकू असं नको. मंगळवारी बाबांनी शाळेत सोडायचं आणि आणायचं. गोष्ट सांगायची तर तीच तीच सांगा, मुलं कंटाळत नाहीत. एक नियम मात्र बाराही महिने सारखाच हवा: दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर एकटं जायचं नाही, पहाटे मोहाखाली तर नाहीच. बिबट्या-वाघाला हंगाम नसतो.

पंधरा दिवसांत बहुतेक मुलं सावरतात. महिना उलटूनही जेवण-झोप बिघडलेलीच असेल तर शाळेतल्या बाईंशी बोला, दवाखान्यात दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

यंदा गेट उघडेल तेव्हा गाडीचं सर्व्हिसिंग कराल, गणवेश धुवाल. त्याच आठवड्यात एक संध्याकाळ काढून लेकराला जवळ घेऊन बसा आणि पुढचा दिवस कसा जाणार ते त्याला सांगा.