रानपिंगळ्याचे घर

वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर सातपुडा पर्वताची एक रांग भिंतीसारखी उभी आहे. तिला गाविलगडचे डोंगर असे म्हणतात. याच डोंगरांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण वसले आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याचे प्रेत येथील दरीत फेकले, म्हणून या स्थळास ‘कीचकदरा’ हे नाव पडले व त्याचेच पुढे ‘चिखलदरा’ झाले, अशी दंतकथा आहे. चिखलदऱ्याभोवतालचा डोंगराळ व रानाने वेढलेला मुलूख तो मेळघाट.

वैशाखात अमरावतीस अंगाची लाही होत असते, तेव्हा चिखलदऱ्यास वारा सुखद वाटतो. याचे कारण उंची होय. सर्वसाधारणपणे एक हजार मीटर वर चढले, की हवेचे तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. अमरावती सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणांच्या उंचीत साडेसातशे मीटरांचे आणि तापमानात जवळजवळ पाच अंशांचे अंतर पडते. डोंगरावर पाऊसही अधिक पडतो. पाच अंश ही गोष्ट आपणांस क्षुल्लक वाटेल. पण झाडाझुडपांना आणि पशुपक्ष्यांना ती क्षुल्लक नाही.

परतवाड्याहून घाटाच्या वाटेला लागावे, म्हणजे याचा प्रत्यय येतो. मागे राहते ती काळी कसदार जमीन, तिच्यातील कापूस, तूर आणि ज्वारी. तेथे शेताच्या बांधावरून रोह्यांचा कळप धावताना दिसतो. पायथ्याशी सालई, धावडा, तेंदू, मोह ही झाडे भेटू लागतात आणि जिकडेतिकडे साग उभा असतो. कोरकू भाषेत सागाला ‘सिपना’ म्हणतात, आणि मेळघाटातील एका नदीचे नावच सिपना आहे! ओढ्यांच्या काठी अर्जुन आणि जांभूळ यांची सावली असते. दऱ्याखोऱ्यांत बांबूची बेटे असतात. माथ्यावर चिखलदऱ्यास तर कॉफीचे झाडही वाढते. खालच्या मैदानात ते जगणार नाही.

प्राण्यांचेही तसेच आहे. काळविटाचे सारे बळ त्याच्या वेगात आणि नजरेत असते. त्याला मोकळे माळरान हवे. दाट झाडीत त्याचा वेग काय कामाचा? रानगव्याला डोंगरउतारावरचे गवत, बांबूचे कोंब आणि उन्हाच्या वेळी गर्द सावली हवी. उडत्या खारीला राहण्यास जुन्या झाडाची ढोली लागते आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाण्यास उंच झाडे जवळजवळ लागतात. अन्न, पाणी, आसरा आणि पिलांना वाढवण्यास निर्धोक जागा या चारही गोष्टी, सोसेल अशा हवामानात, जेथे एकत्र मिळतात, तेच त्या प्राण्याचे घर. शास्त्रज्ञ याला ‘अधिवास’ म्हणतात. अधिवास बदलला, म्हणजे प्राण्यापुढे तीनच मार्ग उरतात: नव्या परिस्थितीशी जुळवून घेणे, दुसरीकडे जाणे किंवा नाहीसे होणे.

असे बदल निसर्गतःही होतात, पण ते फार सावकाश होतात. लक्षावधी वर्षांत कधी हवा थंड व ओली झाली, कधी उष्ण व कोरडी झाली. रानेही त्याप्रमाणे पसरली आणि आक्रसली. ईशान्य भारतातील काही जातींचे मासे व पक्षी मधला मोठा प्रदेश सोडून एकदम सह्याद्रीत कसे आढळतात, हा शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी इ. स. १९४९ च्या सुमारास असा तर्क मांडला, की फार पूर्वी, हवा अधिक ओली असताना, हे जीव विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून पिढ्यान्‌पिढ्या सरकत पश्चिमेस आले. पुढे मधला प्रदेश कोरडा झाला आणि ते दोन टोकांना राहिले. या तर्कावर पुढे अनेकांनी शंका घेतल्या. पण डोंगरांची अखंड रांग ही वन्य जीवांची वाट असते, ही गोष्ट सर्वमान्य आहे.

मनुष्य जे बदल घडवतो, ते मात्र झपाट्याने होतात. इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला. वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला. लवकरच आगगाडीही आली. गवताचे माळ नांगराखाली गेले आणि काळविटांचे चराऊ रान कमी होत गेले. भारताच्या माळरानांवर एके काळी चित्ताही होता. माळ गेले, शिकारी वाढल्या, आणि इ. स. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. इ. स. २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडले गेले. पण गेलेले घर पुन्हा वसवणे किती कठीण असते, हे तेव्हापासून सर्वांस दिसत आहे.

आता मेळघाटच्या एका लहानशा रहिवाशाची हकीकत ऐका. गावोगावी वडापिंपळाच्या ढोलीत राहणारा, संध्याकाळी चिरक्या आवाजात बोलणारा पिंगळा तुम्ही पाहिला असेल. त्याचाच एक भाऊबंद रानात राहतो. त्याला ‘रानपिंगळा’ म्हणतात. लांबी जेमतेम वीतभर. डोके मोठे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, नखे भक्कम. गावपिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचे डोके मात्र जवळजवळ साधे असते. आणखी एक नवल असे, की घुबडांच्या कुळातला असूनही हा दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, उंदीर, टोळ हे त्याचे भक्ष्य होय. हा पक्षी भारताबाहेर कोठेही आढळत नाही.

इ. स. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतात या पक्ष्याचा नमुना मिळवला आणि पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक, तेच हे ह्यूम. त्यानंतर मोजकेच नमुने मिळाले. शेवटचे नमुने डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने इ. स. १८८४ पर्यंत खानदेशात मिळवले. मग हा पक्षी जणू अदृश्यच झाला. सालिम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनाही तो सापडला नाही. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे बहुतेकांना वाटू लागले.

या अपयशाचे एक कारण मोठे विचित्र आहे. रिचर्ड मायनर्ट्‌झहागन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने, आपण हा पक्षी इ. स. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळवला, असे सांगितले होते. पुढे पामेला रासमुसन या अमेरिकन विदुषीने जुन्या नमुन्यांची कसून तपासणी केली, तेव्हा त्याचा नमुना संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला आहे, असे तिच्या ध्यानात आले. चुकीच्या जागेची नोंद खरी मानली, तर शोधही चुकीच्या जागी होणार! म्हणून रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघांनी ती नोंद बाजूस ठेवली आणि ब्लेविट व डेव्हिडसन यांच्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळण्याचे ठरवले. पूर्वेकडे त्यांच्या हाती काही लागले नाही. अखेर दि. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, खानदेशात शहाद्याजवळच्या रानात, एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा उन्हात बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी त्याची पुन्हा गाठ पडली होती!

या शोधानंतर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी सातपुड्यात पाहणी सुरू केली. तेव्हा असे आढळले, की मेळघाटच्या सागवनांत हा पक्षी चांगल्या संख्येने राहून आहे. मग प्रश्न उरतो तो असा: इतरत्र तो का उरला नाही, आणि येथे का उरला?

याचे उत्तर त्याच्या गरजांत आहे. रानपिंगळ्याला फार दाट अरण्य नको असते आणि उघडा माळही चालत नाही. त्याला विरळ सागवन लागते. फांदीवर बसून जमिनीवरचा सरडा हेरावा, इतकी मोकळीक त्यात हवी. शिवाय त्याला जुनी झाडे हवीत. कारण ढोल स्वतः कोरण्याची शक्ती त्याच्या चोचीत नाही. जुन्या झाडाच्या पोकळीतच त्याची मादी अंडी घालते. अशी राने सपाट व सखल भागांत होती, आणि शेतीसाठी मनुष्याने पहिल्याने तोडली ती तीच. नवी लावलेली सागाची झाडे दिसावयास हिरवी दिसतात. परंतु कोवळ्या झाडाला ढोल नसते. रान हिरवे असूनही रानपिंगळा बेघर होतो, तो असा.

मेळघाटचे रान मोठे आणि सलग राहिले. इ. स. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. संरक्षण वाघाला मिळाले. पण वाघाच्या छायेत सांबर, गवा, उडती खार आणि हा वीतभर लांबीचा पक्षी या सर्वांचेच घर राखले गेले.

तथापि संकट टळलेले नाही. रानाच्या कडेची झाडे तुटतात. वणवे पेटतात आणि त्यांत जुनी, पोखरलेली झाडे आधी जळतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परदेशातून शोभेसाठी आणलेली घाणेरी आता रानांत माजली आहे. ती दाटली, की गवत खुरटते आणि जमीन झाकली जाते. मग चरणाऱ्यांना चारा मिळत नाही व शिकाऱ्याला भक्ष्य दिसत नाही. यांच्या जोडीला माणसाचे अज्ञान आहेच. घुबड अशुभ आहे, अशा समजुतीने किंवा जादूटोण्यासाठी कित्येक घुबडे व पिंगळे मारले जातात. वास्तविक उंदीर व टोळ खाऊन हे पक्षी शेतकऱ्याचे कामच करीत असतात.

आणखी एक बदल साऱ्या जगावर येऊन ठेपला आहे. कोळसा व खनिज तेल यांच्या अमर्याद वापरामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान दीडशे वर्षांत एक अंशाहून अधिक वाढले आहे. आल्प्ससारख्या पर्वतांवर गारव्याची सवय असलेल्या वनस्पती हळूहळू वर सरकत असल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. पण वर तरी किती सरकणार? गाविलगडच्या डोंगरांचे सर्वांत उंच स्थान वैराट. तेही १,२०० मीटरांना पोहोचत नाही. डोंगरमाथा संपला, की पुढे आकाशच असते.

मात्र बिघडलेले काही प्रमाणात सुधारता येते, हेही मेळघाटानेच दाखवले आहे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी बोरी, कोहा व कुंड या गावांतील लोक रानाबाहेर वसावयास गेले. त्यांच्या शेतांवर पुढे गवत वाढले, कुरणे झाली आणि तेथे सांबर व गवे चरू लागले. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु तिची दुसरी बाजूही विसरता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्यांचे अंगण, देवस्थान आणि ओळखीची वाट सोडून जाणे कोणालाही सोपे नसते. रानाला ज्यांनी आपले घर दिले, त्यांचे नवे घर चांगले असावे, हे पाहणे समाजाचे कर्तव्य आहे.

रानपिंगळा काही सांगावयास येणार नाही. तो आहे तोवर सागाच्या फांदीवर मुकाट बसेल आणि ढोल गेली, की मुकाट नाहीसा होईल. त्याचे घर ओळखणे आणि ते राखणे, हे काम ज्यांना वाचता, पाहता आणि विचार करता येतो, त्यांचे आहे.

स्वाध्याय

१. अमरावती व चिखलदरा यांच्या तापमानात फरक का पडतो?
२. ‘अधिवास’ म्हणजे काय? काळवीट व उडती खार यांच्या अधिवासांतील फरक सांगा.
३. रानपिंगळ्याचा शोध लागण्यास इतकी वर्षे का लागली?
४. ‘रान हिरवे असूनही रानपिंगळा बेघर होतो,’ असे लेखात का म्हटले आहे?
५. तुमच्या गावाच्या परिसरातील एखादा पक्षी निवडा. तो कोठे राहतो, काय खातो व घरटे कोठे करतो, याचे आठ दिवस निरीक्षण करून दहा ओळी लिहा. पूर्वी दिसणारा व आता न दिसणारा एखादा पक्षी कोणता, हे घरच्या वडीलधाऱ्या माणसांस विचारा.