पाटी, पुस्तक आणि वही
(व्हिडिओ-खेळांच्या स्मृतीविषयीं कांहीं विचार)

‘व्हिडिओ गेम’ हे दोन शब्द कानीं पडतांच पुष्कळ वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात आणि बहुतेक विद्यार्थ्यांचे डोळे चमकूं लागतात. खेळावें किती वेळ व अभ्यास करावा किती वेळ, हा वाद घरोघरीं चाललेला आहे. त्यांत आज आम्ही पडत नाहीं. आम्हांस येथें निराळीच गोष्ट सांगावयाची आहे. दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाच्या ज्या यंत्रास ‘कन्सोल’ म्हणतात, त्याच्या पोटांत किती मावतें, काय टिकतें आणि काय नाहींसें होतें, याचा विचार केला असतां असें दिसतें कीं, या खेळांतील कित्येक चमत्कारिक युक्त्या जागेच्या टंचाईंतूनच जन्मास आल्या. आज जागेचा सुकाळ झाला आहे. परंतु जपून ठेवण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं.

विषय नीट समजावा म्हणून शाळेंतील नित्याचें उदाहरण घेऊं. विद्यार्थ्याजवळ तीन वस्तु असतात असें समजा : छापील पुस्तक, पाटी आणि वही. पुस्तकांतील मजकूर ठरलेला. तो वाचावयाचा, पुसावयाचा नाहीं. पाटीवर हिशेब मांडावयाचा आणि काम झालें कीं पुसून टाकावयाचा. वहींत लिहिलेलें मात्र उद्यां पुन्हां उघडून पाहतां येतें. कन्सोललाहि या तिन्ही वस्तु लागतात. खेळ ज्या कायमच्या मेमरींत किंवा तबकडीवर साठविलेला असतो, तें त्याचें पुस्तक. खेळ चालू असतांना यंत्र ज्या मेमरींत क्षणोक्षणीं आंकडेमोड करतें, ती त्याची पाटी. वीज बंद होतांच ती कोरी होते. आणि खेळणारा कोठपर्यंत पोंचला, त्यानें काय मिळविलें, याची जी नोंद राहते, ती त्याची वही. या सर्वांचें माप बाईटांत करतात. इंग्रजी लिपींतील एक अक्षर ठेवण्यास साधारणतः एक बाईट लागतो. हजाराच्या घरांत बाईट झाले कीं एक किलोबाईट, दहा लाखांच्या घरांत गेले कीं मेगाबाईट, आणि शंभर कोटींच्या घरांत गेले कीं गिगाबाईट होतो.

आतां पाटीपासूनच आरंभ करूं. १९७७ सालीं अमेरिकेंत ‘अटारी २६००’ हें कन्सोल बाजारांत आलें. त्याची पाटी अवघी १२८ बाईटांची होती. म्हणजे पोस्टकार्डावर लिहिलेल्या इंग्रजी मजकुराच्या दोन-तीन ओळी! एवढ्याशा जागेंत खेळाडूचें स्थान, शत्रूंचें स्थान, गुण, वेळ हें सारें मावविणें भाग होतें. वॉरन रॉबिनेट या तरुणानें या यंत्रासाठीं रचलेला ‘ॲडव्हेंचर’ नांवाचा खेळ १९८० सालीं बाजारांत आला. त्याचें सारें पुस्तक चार किलोबाईटांचें. परंतु त्यांत किल्ले होते, भुलभुलय्ये होते, अंगावर धांवून येणारे ड्रॅगन होते, आणि खेळाडूच्या वस्तु पळविणारें एक खोडकर वटवाघूळहि होतें. त्या काळीं ती कंपनी खेळावर कर्त्याचें नांव घालीत नसे. रॉबिनेटनें मुकाट्यानें एक गुप्त खोली रचली. जमिनीच्याच रंगाचा एक बारीकसा ठिपका शोधून तो योग्य ठिकाणीं नेला, तर भिंतींतून वाट मिळे आणि आंत त्याचें नांव झळकतांना दिसे. जेथें एकेक बाईट मोजून खर्चावा लागत होता, तेथें त्यानें आपल्या नांवासाठीं जागा काढली. मनुष्यास आपली खूण मागें राहावी असें किती वाटतें, याचें हें लहानसें उदाहरण होय.

पुढें जपानांत निंटेंडो कंपनीचें ‘फॅमिकॉम’ १९८३ सालीं निघालें आणि १९८५ सालीं त्यावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जगप्रसिद्ध खेळ आला. हा सबंध खेळ चाळीस किलोबाईटांत बसविलेला आहे. आज हातांतील फोननें काढलेलें एक छायाचित्रहि त्याच्या कित्येक पट मोठें असतें. जागा वांचविण्याची एक युक्ति तर डोळ्यांसमोर असूनहि ध्यानांत येत नाहीं. त्या खेळांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरचीं झुडपें हें एकच चित्र आहे. वर पांढरा रंग दिला कीं ढग, खालीं हिरवा दिला कीं झुडूप! दुसरी मौज चुकींतून निघाली. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटीं विशिष्ट रीतीनें विटांच्या भिंतींतून आरपार गेलें आणि पुढची माहिती तयार होण्यापूर्वींच नळींत शिरलें, तर यंत्र भलताच आंकडा उचलतें. तो आंकडा ३६. पण चित्रांच्या कोष्टकांत ३६ व्या जागीं कोरी चौकट असल्यामुळें पडद्यावर जगाचा क्रमांक नुसता ‘-१’ असा उमटतो. कॅसेटवरील आवृत्तींत या ‘उणे एक’ जगांत पाण्याखालचा मार्ग लागतो व तो कधींच संपत नाहीं. कोणी हेतूनें न रचलेलें हें जग मुलांनीं एकमेकांस सांगून साऱ्या पृथ्वीवर प्रसिद्ध केलें.

या यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या काळांत आपल्याकडेहि घरोघरीं आल्या. त्यांच्या खेळांच्या डब्यास आपण ‘कॅसेट’ म्हणत असूं, आणि खेळ सुरू झाला नाहीं कीं ती काढून तिच्यांत फुंकर मारीत असूं. खरें पाहतां गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढून पुन्हां बसविल्यानें तिचे धातूचे दांत नीट जुळत, एवढेंच. उलट तोंडांतील ओलाव्यानें ते गंजण्याचा संभव असे. कॅसेटवर ‘९९९ खेळ’ असें छापलेलें असे. परंतु यादी वाचीत गेल्यास थोडेच खेळ निरनिराळ्या नांवांनीं पुनःपुन्हां येत. जागा तेवढीच, नांवें मात्र हजार!

आतां वहीकडे वळूं. आरंभीं बहुतेक खेळांस वही नव्हतीच. यंत्र बंद केलें कीं दिवसभराचा पराक्रम पुसला जाई. यावर जपानांतील ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळानें १९८६ सालीं अशी तोड काढली कीं, थांबतांना पडद्यावर वीस जपानी अक्षरांचा एक मंत्र दिसे. तो कागदावर उतरून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा भरावयाचा. दुसऱ्या भागांत, १९८७ सालीं, हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. एक अक्षर चुकलें कीं सारी मेहनत व्यर्थ! यंत्राला वही नाहीं, म्हणून मुलांच्या वह्या कामास आल्या. शुद्धलेखनाचें महत्त्व याहून कडक शिक्षकानें क्वचितच शिकविलें असेल. १९८८ सालच्या तिसऱ्या भागांत मात्र कॅसेटच्या आंत एक लहानसा सेल बसविण्यांत आला. ही वही म्हणजे वस्तुतः पाटीच. तो सेल तिला अखंड वीज पुरवून पुसूं देत नाहीं, इतकाच फरक. हा सेल पुढें महत्त्वाचा होणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

१९९४ च्या अखेरीस सोनी कंपनीचें ‘प्लेस्टेशन’ आलें आणि पुस्तक एकाएकीं फुगलें. त्याच्या तबकडींत सुमारें ६५० मेगाबाईट मावत. वही मात्र निराळी घ्यावी लागे. तें ‘मेमरी कार्ड’ १२८ किलोबाईटांचें व पंधरा खणांचें होतें. कोणता खेळ ठेवावा आणि कोणता पुसावा, यावरून भावंडांत भांडणें होत. या कार्डाचाच १९९८ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड’ या खेळानें विलक्षण उपयोग केला. त्यांत ‘सायको मँटिस’ नांवाचा मन वाचणारा शत्रु येतो. तो खेळणाऱ्याचें कार्ड गुपचूप तपासतो आणि त्यावर त्याच कंपनीच्या कांहीं ठराविक खेळांच्या नोंदी असतील, तर “तुला अमुक खेळ आवडतो” असें बोलून दाखवितो! त्यास हरविण्याचा उपायहि तसाच : हातांतील नियंत्रक पहिल्या खोबणींतून काढून दुसऱ्या खोबणींत लावावयाचा, म्हणजे त्यास आपलें मन वाचतां येत नाहीं. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या खेळांत तर, नोंद न करतां यंत्र बंद केल्यास पुढच्या वेळीं ‘रिसेटी’ नांवाची एक चिचुंद्रीसारखी रागीट स्वारी जमिनींतून वर येते आणि लांबलचक कानउघाडणी करते. वही भरण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस अशी एखादी स्वारी भेटावी, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें.

हें झालें टंचाईचें. आतां सुकाळ पाहा. २०२० सालीं आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’ मध्यें ८२५ गिगाबाईटांचें कोठार आहे. चाळीस किलोबाईटांचा मारिओ त्यांत सुमारें दोन कोटी वेळां मावेल. तरीहि जागा पुरत नाहीं, अशी ओरड आहेच. कारण एकेक खेळ शंभर गिगाबाईटांच्या वर जातो. याचीं कारणेंहि आहेत. चित्रें अतिसूक्ष्म झालीं, संवाद अनेक भाषांत भरावे लागतात, आणि फिरत्या तबकडीवरून माहिती लवकर सांपडावी म्हणून एकच चित्र पूर्वीं कित्येक ठिकाणीं पुनःपुन्हां नोंदवीत असत. म्हणजे कोठार मोठें झालें म्हणून चिंता गेली नाहीं. फक्त आंकड्यांवर शून्यें चढलीं.

आणि आतां त्या सेलाची गोष्ट. गेल्या सुटींत आमच्या ओळखीच्या एका घरीं माळ्यावरील पेटींतून हातांत धरून खेळावयाचें एक जुनें यंत्र निघालें. वडील मोठ्या उत्साहानें मुलीस सांगूं लागले कीं, हा खेळ त्यांनीं व त्यांच्या बहिणीनें मिळून पुरा केला होता, आणि आंत तिचें नांव लिहिलेलें आहे. ती बहीण आज हयात नाहीं. कॅसेट लावली, चित्र उमटलें, संगीतहि वाजलें. परंतु पडद्यावर ‘नवा खेळ’ एवढाच पर्याय होता. “बाबा, आत्याचें नांव कुठें आहे?” असें मुलीनें विचारलें, आणि वडील कांहीं वेळ बोलले नाहींत. आंतला सेल संपून गेला होता. पुस्तक शाबूत होतें. वही कोरी झाली होती.

अशा सेलांचें आयुष्य बहुधा दहा-वीस वर्षांचें असतें. पुस्तकेंहि सुरक्षित आहेत असें नाहीं. निंटेंडोच्या ‘वी यू’ व ‘थ्री-डी-एस’ या यंत्रांच्या जालावरील दुकानांतील खरेदी २७ मार्च २०२३ रोजीं बंद झाली; जे खेळ केवळ तेथेंच विकले जात, ते नव्यानें विकत घेण्याची वाट त्याबरोबर मिटली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या पाहणींत असें आढळलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के बाजारांत मिळत नाहींत. जुनीं पुस्तकें ग्रंथालयांत मिळतात. जुन्या खेळांस अशीं ग्रंथालयें फार थोडीं आहेत.

शेवटीं एका खेळाचा उल्लेख करून लेख आटोपतों. योको तारो यांच्या २०१७ सालच्या ‘निअर : ऑटोमाटा’ या खेळाचा अखेरचा टप्पा इतका कठीण आहे कीं, एकट्यानें तो पार होणें जवळजवळ अशक्य. हार होत असतां दूरदेशींच्या अनोळखी खेळाडूंकडून मदत येते आणि आपण पार पडतों. मग खेळ विचारतो : असाच अडलेल्या एखाद्या परक्यास तूं मदत करशील काय? करावयाची असेल, तर तुझी सारी वही पुसली जाईल. आणि ज्यास मदत होईल, तो तुला कधीं भेटणारहि नाहीं. ‘होय’ म्हटल्यास यंत्र डोळ्यांदेखत एकेक नोंद पुसत जातें. आपणांस मदत करणाऱ्या त्या अनोळखी खेळाडूंनींहि आपल्या वह्या अशाच दिल्या होत्या, हें तेव्हां उमजतें.

सेल संपून वही कोरी होणें आणि दुसऱ्यासाठीं ती आपल्या हातानें कोरी करणें, या दोहोंत पडद्यावर कांहींच भेद दिसत नाहीं. भेद आहे तो मनांत. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं जुनी कॅसेट असेल, तर तिचा सेल संपण्यापूर्वीं जाणत्याच्या हातून ती नोंद उतरवून घ्या. आणि तें न साधलें, तर निदान वडील भावंडांस बसवून त्या खेळाची हकीकत विचारा व आपल्या वहींत लिहून ठेवा. त्या वहीस सेल लागत नाहीं.