इंग्रजीत ‘नको’ कसे म्हणावे?



आपल्याकडे पाहुण्याने चहाला एकदा ‘नको’ म्हटले तर ते कुणी मनावर घेत नाही. कप पुढे येतोच. मोठ्या व्यवहाराला तर आपण ‘नाही’ म्हणतच नाही. ‘बघू’, ‘ऊसबिल निघाल्यावर बघू’ एवढे म्हटले की समोरचा काय ते समजतो. इंग्रजीत मात्र अशा बोलण्याचा अर्थ ‘थोडे थांबा, घेतो’ असा होतो. आता कर्जाचे, कार्डाचे, विम्याचे फोन येडशीच्या शिवारातही इंग्रजीतून येतात. म्हणून हा धडा.

मराठीत ‘नाही’, ‘नको’ आणि ‘नव्हे’ असे तीन शब्द आहेत. त्यांतला ‘नको’ इतका कामाचा, की दखनी बोलणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांच्या तोंडीही तो ‘नक्को’ होऊन बसला आहे. इंग्रजीत ह्या तिन्हींना मिळून एकच ‘नो’. तो नुसता उच्चारला तर तोडून बोलल्यासारखे वाटते. म्हणून ‘नो’ला आभाराची जोड द्यावी. कारण द्यायचे तर एका वाक्यात द्यावे.

१) चहापाण्याला : ‘नो, थँक यू. आय हॅव जस्ट हॅड टी.’ म्हणजे : नको, आभारी आहे. आत्ताच चहा झाला.

२) जेवताना आग्रह झाल्यास : ‘नो मोअर फॉर मी, थँक यू. इट वॉज व्हेरी गुड.’ म्हणजे : आता पुरे, जेवण फार छान झाले.

३) निमंत्रणाला : ‘थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी, बट आय ॲम अफ्रेड आय कान्ट कम.’ येथे ‘अफ्रेड’ म्हणजे भीती नव्हे. ‘क्षमा असावी, जमणार नाही’ असा भाव आहे.

४) नोकरी नाकारताना : ‘थँक यू फॉर द ऑफर, बट आय हॅव डिसायडेड नॉट टू ॲक्सेप्ट इट.’ हे वाक्य आपल्या शिकलेल्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल.

५) विकणाऱ्याला : ‘थँक यू, बट आय ॲम नॉट इंटरेस्टेड. प्लीज डू नॉट कॉल अगेन.’ म्हणजे : मला ह्यात रस नाही, पुन्हा फोन करू नका.

आता दोन खाचखळगे. पहिला, आपली हुंकार देण्याची सवय. समोरचा बोलत असताना आपण ‘हं, हं’ म्हणतो तसे इंग्रजीत ‘येस, येस’ म्हणू नये. आपल्या मनात ‘ऐकतोय’ असते, त्याच्या कानी ‘कबूल आहे’ असे पडते. दुसरा, काही देऊ केल्यावर नुसते ‘थँक यू’ म्हटले तर तो होकार समजला जाण्याचा संभव असतो. ‘नो’ विसरू नये.

पैशाच्या बाबतीत तर ‘आय विल सी’ मुळीच म्हणू नका. न मागता क्रेडिट कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत मनाई केली. ग्राहकाची स्पष्ट संमती आवश्यक ठरवली. ही संमती मोबाईलवर आलेल्या ओटीपीनेही घेतली जाते. म्हणून तोंडाने ‘नो’ म्हणायचे आणि ओटीपीचे आकडे सांगायचे, म्हणजे नाही नाही म्हणत अंगठा उठवण्यासारखे आहे. फोन करणारा खरा बँकेचा की भामटा, हेही आवाजावरून कळत नाही. तेव्हा आकडे कुणालाच सांगू नयेत. जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद १९०९ ह्या क्रमांकावर करता येते.

विकणारा फारच चिकट निघाला तर नवे कारण शोधत बसू नये. कारण दिले की तो त्याला तोड काढतो. ‘पैसे नाहीत’ म्हटले तर हप्ते पाडून देतो! तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणावे आणि फोन ठेवावा. ह्यात उद्धटपणा नाही.

स्वाध्याय : घरातील शाळकरी मुलाला विक्रेता करा. त्याने तीन वेळा आग्रह करावा. आपण आवाज न चढवता पाचवे वाक्य तीन वेळा म्हणावे. मग जागांची अदलाबदल करा.