हॅच भरण्याआधी पॅटर्नची फाइल उघडून वाचा

आमच्या आळंद भागात घराचा प्लॅन काढणाऱ्याला ठरावीक दगड कागदावर वारंवार दाखवावे लागतात. जुन्या भिंतींना काळा दगड, जमिनीला शहाबादी फरशी आणि काम बीदरकडचं असलं तर जांभा. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या पॅटर्नमध्ये वीट आहे, काँक्रीट आहे, माती आहे. पण आपला गवंडी शहाबादी ज्या मापाने सांधे तोडून बसवतो, त्या मापाचा तयार पॅटर्न त्यात नाही. म्हणून बाहेरून पॅटर्नच्या फाइली आणल्या जातात. कलबुर्गीहून सोलापूरला, सोलापूरहून उमरग्याला त्या पेनड्राइव्हवरून फिरतात. ती फाइल उघडून आत काय लिहिलंय हे मात्र फारसं कोणी बघत नाही. त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे मी जवळून पाहिलं आहे.

एका कार्यालयातून आलेला घराचा प्लॅन माझ्याकडे दुरुस्तीसाठी आला, तेव्हा काम फरशीवर येऊन अडलं होतं. हॉल १८ फूट बाय २४ फुटांचा आणि फरशी २ फुटी. सरळ हिशेबाने १०८ फरश्या लागायला हव्यात, पण साइटवर उतरल्या ४८. कंत्राटदार कागद पुढे करून म्हणाला, "सर, चौकोन मोजूनच मागवल्या की!" त्याचं मोजणं बरोबर होतं. छपाईत रेघा दाट दिसतात म्हणून त्या प्लॅनमध्ये कोणीतरी हॅचचं स्केल १ वरून १.५ केलं होतं, त्यामुळे २ फुटांचा चौकोन ३ फुटांचा झाला होता. लांबीत दीडपट म्हणजे क्षेत्रफळात सव्वादोनपट, आणि १०८ ला सव्वादोनने भागलं की ४८ च येतात. उरलेली फरशी दुसऱ्या खेपेला आली, ती वेगळ्या छटेची. शहाबादीचा रंग खाणीप्रमाणे आणि थराप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्या हॉलच्या मधोमध रंगाची सीमारेषा कायमची राहिली. मालकाचा काहीच दोष नसताना ती रोज त्याच्या डोळ्यांसमोर असते.

त्या प्रसंगानंतर हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी पहिल्यांदा पॅटर्नची फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचायला लावतो. ती साध्या अक्षरांची फाइल असते आणि तिचे नियम थोडे आहेत.

पहिल्या ओळीत तारांकन, त्याला लागून पॅटर्नचं नाव, मग स्वल्पविराम आणि वर्णन. त्याखाली प्रत्येक ओळ म्हणजे समांतर रेघांचा एक संच. ओळीतला पहिला आकडा रेघेचा कोन. पुढचे दोन आकडे रेघ कुठून सुरू होते ते सांगतात. त्यापुढचे दोन म्हणजे शेजारची रेघ स्वतःच्या दिशेने किती सरकते आणि काटकोनात किती अंतरावर येते. नंतरचे आकडे तुटक रेघेचे असतात: धन आकडा म्हणजे रेघ, ऋण म्हणजे मोकळी जागा, शून्य म्हणजे ठिपका. सांधे तोडून बसवलेल्या ६०० मिलिमीटरच्या फरशीला नावाच्या ओळीखाली फक्त दोन ओळी पुरतात:

०, ०,०, ०,६००
९०, ०,०, ६००,३००, ६००,-६००

पहिली ओळ दर ६०० वर आडवी रेघ काढते. दुसरी ओळ उभे सांधे काढते: ६०० रेघ, ६०० मोकळी, आणि शेजारची रेघ ३०० वर, पण ६०० ने वर सरकलेली. त्यामुळे प्रत्येक थराचा सांधा खालच्या फरशीच्या मध्यावर येतो. या दोन ओळी कागदावर पट्टीने काढून पाहा. एकदा हाताने काढल्या की पुढे कोणतीही फाइल वाचता येते. तिरक्या रेघांत जास्त गफलत होते. ४५ अंशांच्या रेघा आडव्या मापात १०० वर हव्या असतील, तर फाइलमध्ये १०० न लिहिता ७०.७१ लिहावं लागतं, कारण तिथे काटकोनातलं अंतर मोजलं जातं.

पॅटर्न यादीत दिसतच नसेल, तर क्रमाने तपासा. ऑटोकॅडमध्ये वेगळ्या फाइलला एकच पॅटर्न आणि फाइलचं नाव तेच पॅटर्नचं नाव, असा नियम आहे. नावात मोकळी जागा नको. विंडोज फाइलचं शेपूट लपवते, त्यामुळे 'पॅट'च्या मागे 'टीएक्सटी' चिकटलेलं कळत नाही. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तो ऑप्शन्समधल्या सपोर्ट पाथमध्ये असायला हवा. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं असावं, नाहीतर ती ओळ वाचली जात नाही. आपल्या भागात आणखी एक अडचण येते. अर्ज मराठीत किंवा कन्नडमध्ये टंकताना कीबोर्ड बदललेला असतो आणि पॅटर्नमध्ये त्याच लिपीचे अंक पडतात. डोळ्यांना ते बरोबर वाटतात, पण सॉफ्टवेअरला ते अंकच वाटत नाहीत. मी इथे मराठी अंक छापले आहेत. फाइलमध्ये इंग्रजी अंकच टंका.

पॅटर्न दिसतो पण हॅच काळा ठिक्कर पडतो, किंवा रेघा फार दाट असल्याचा संदेश येऊन भरतच नाही, तेव्हा आधी एकक बघा. इंचात लिहिलेला २४ मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये २४ मिलिमीटरच होतो. खरी २ फुटी फरशी ६०९.६ मिलिमीटरची. १:१०० ने छापल्यावर जिथे ६ मिलिमीटरचा चौकोन हवा, तिथे पाव मिलिमीटरचाही येत नाही. उपाय म्हणजे स्केल २५.४ करणं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फाइलमधले लांबीचे सगळे आकडे २५.४ ने गुणून मिलिमीटरची वेगळी फाइल ठेवणं. कोनाला मात्र हात लावू नका. ऑटोकॅडच्या स्वतःच्या दोन फाइलींत हाच फरक आहे: एएनएसआय ३१ या पॅटर्नचं अंतर एकीत ०.१२५ आहे आणि दुसरीत ३.१७५. कोणती फाइल वापरायची हे 'मेझरमेंट' नावाचं सेटिंग ठरवतं: ० म्हणजे इंची, १ म्हणजे मेट्रिक. रेघा दाट असल्याचा संदेश नाहीसा करण्यासाठी 'एचपीमॅक्सलाइन्स' या सेटिंगमधली रेघांची मर्यादा वाढवत बसू नका. तिचा मूळ आकडा १०,००,००० आहे; एका खोलीच्या फरशीला तेवढ्या रेघा लागत असतील, तर चूक स्केलमध्ये आहे.

हॅच भरला जातो पण रेघा तुटतात, वाकड्या जुळतात, असं होत असेल तर ड्रॉइंग शून्यापासून किती दूर आहे ते पाहा. सर्व्हेचा नकाशा बहुधा युटीएम या निर्देशांक पद्धतीत येतो. आळंद ४३ उत्तर पट्ट्यात आहे आणि इथला उत्तरेचा आकडा मीटरमध्येच १९ लाखांच्या पुढे जातो; मिलिमीटरमध्ये तो १९० कोटींच्या पुढे. पॅटर्नची मोजणी शून्यापासून होते, म्हणून इतक्या दूर आकडेमोडीची अचूकता घसरते. हॅचचा ओरिजिन खोलीच्या कोपऱ्यावर घ्या, किंवा घराचं ड्रॉइंग शून्याजवळ वेगळं ठेवा. ओरिजिन दाराच्या कोपऱ्यावर घेतला, तर अख्खी फरशी कुठून सुरू करायची हेही गवंड्याला कळतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. भरलेल्या हॅचमध्ये पॅटर्नची व्याख्या ड्रॉइंगसोबतच साठते. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर तो फाइलशिवाय दिसतो, पण नव्याने भरायला फाइल लागते. आणि पॅटर्नची फाइल दुरुस्त केली म्हणून जुने हॅच आपोआप दुरुस्त होत नाहीत. ते पुन्हा भरावे लागतात. ड्रॉइंग पाठवताना पॅटर्नची फाइल सोबत द्याच.

माझी पद्धत ठरलेली आहे. नवा पॅटर्न आला की आधी ६ मीटर बाय ६ मीटरच्या कोऱ्या चौकोनात स्केल १ ने भरायचा, डिस्टन्स कमांडने एक चौकोन मोजायचा आणि ठरलेल्या प्रमाणात एक कागद छापायचा. तिन्ही जुळलं तरच तो प्लॅनमध्ये घ्यायचा. शिवाय प्रत्येक खोलीत फरशीचा आकार, संख्या आणि रचना शब्दांत लिहायची, आणि खाली ठळक टीप द्यायची: हॅच मोजून माल मागवू नये.

ड्राफ्टिंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, आपल्या कागदावर विश्वास ठेवून लोक आयुष्यभराची कमाई घरात घालतात. फाइल कोणाकडूनही घ्या, पण तिची प्रत्येक ओळ स्वतः वाचल्याशिवाय तिला कोणाच्या घराच्या प्लॅनमध्ये घेऊ नका.