आयपॉड आणि आयट्यून्स : गाणी नेमकी राहतात कुठे?

आयपॉड २००१ साली आला आणि २०२२ मध्ये बंद झाला. तरी कित्येकांच्या कपाटात एखादा अजून सापडतो. पहिल्यात जागा ५ जीबी, म्हणजे साधारण १००० गाणी.

वापरायचा असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. आयपॉडमधली गाणी ही संगणकावरच्या आयट्यून्स लायब्ररीची नक्कल असते. विकत घेतलेली गाणी सोडली, तर सिंक एकाच दिशेने चालतं : संगणकाकडून आयपॉडकडे. म्हणून दुसऱ्या संगणकाला जोडलं की 'आधीचं पुसून सिंक करू का?' असं विचारलं जातं. मी एकदा घाईत 'हो' दाबलं. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मीच रेकॉर्ड केलेल्या. जुना संगणक भंगारात गेलेला, आणि आजीही तोवर गेली होती.

तेव्हा असा प्रश्न आला की सरळ 'कॅन्सल' दाबा. आपल्या संगणकावर 'मॅन्युअली मॅनेज म्युझिक' या पर्यायावर आधीच टिक करून ठेवा, मग गाणी हाताने भरता येतात. बाजारातलं गाणं पुन्हा मिळेल हो, पण घरचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर वेगळं ठेवा. आणि फाइलला गाणाऱ्याचं नाव, तारीख द्या. नुसत्या 'ट्रॅक ०१' वरून नंतर काही कळत नाही.