तुळई जेथे टेकते ती कड

अंधेरीच्या पूर्व व पश्चिम भागांना जोडणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाच्या कडेचा पादचारी मार्ग ३ जुलै २०१८ रोजी सकाळी रेल्वेरुळांवर कोसळला. पुढे जुना पूल पाडून तेथे पोलादी तुळयांचा नवा पूल उभारण्यात आला. पोलाद कितीही बळकट असले, तरी त्याचा सारा भार अखेर काँक्रीटच्या आधारावर उतरतो. पुलाप्रमाणेच घराच्या भिंतीत बसविलेल्या तुळईचेही तसेच आहे. म्हणून त्या आधाराची कड तपासणे विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे.

प्रथम गणित करावे. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार टेकणीवरील दाब काँक्रीटच्या ठरावीक सामर्थ्याच्या ०.४५ पटीपर्यंतच अनुज्ञेय आहे. एम २५ काँक्रीटसाठी ही मर्यादा ११.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होते. आधाराचे क्षेत्र सभोवार विस्तृत असल्यास मानक काही वाढ देते. भिंतीच्या कडेला तसा विस्तार नसल्याने ती गृहीत धरू नये.

समजा, गुणकासह टोकाचा भार १५० किलोन्यूटन आहे. १४० मिलिमीटर रुंदीची तुळई भिंतीवर केवळ ७५ मिलिमीटर टेकली, तर दाब सुमारे १४.३ येतो, कड अपुरी ठरते. तिच्याखाली २०० × १५० मिलिमीटरची पुरेशी जाड पोलादी पाटी बसविली, तर दाब ५ वर येतो.

तथापि एवढ्याने तपासणी संपत नाही. भाराखाली तुळई वाकते, तिचे टोक किंचित फिरते आणि दाब भिंतीच्या दर्शनी कडेकडे सरकतो. तेथील सळयांबाहेरचे आवरण साधे काँक्रीट असल्याने ते कपचीसारखे निसटू शकते. यास्तव पाटी कडेपासून आत, सळयांनी बांधलेल्या भागावर ठेवावी व तिच्याखालची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी.

जुन्या भिंतीत कागदावरील सामर्थ्यावर विसंबू नये. रिबाउंड हातोड्याने पृष्ठभाग अजमावावा, शंका आल्यास काँक्रीटचा गाभा काढून दाबून पाहावा. तिरप्या भेगा, गंजाचे डाग आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज यांची नोंद करावी. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. त्या तपासणीत तुळईच्या मध्यभागाइतकेच लक्ष तिच्या दोन्ही टोकांकडे द्यावे. माणसांचे जीव त्या चार बोटे रुंदीच्या टेकणीवर विसंबलेले असतात.